सासरे म्हणतात, शेवटचं एक वेत घेऊया

पत्राचा गोषवारा : खानापूर तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब चौदा वर्षं अमेरिकन अकिता कुत्र्यांची पैदास करतंय. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू अशा ठिकाणच्या डॉग शोंमध्येही ते उतरतात. पत्र लिहिणाऱ्या या घरच्या सूनबाई. विंचरणं, वजनं, लसी, माजाच्या तारखा हे सगळं त्यांच्याकडे आणि त्याची वहीही त्यांच्याच हातची. घरची सई साडेसहा वर्षांची, सगळ्यात नावाजलेली. साडेतीन वर्षांपूर्वी बाहेरच्या नरापासून तिला सात पिल्लं झाली. त्यातला सर्जा घरी ठेवला, तो आज रिंग गाजवतोय. त्याची एक सख्खी बहीण चिक्कोडीला गेली. तिच्या पाठीवरचे केस गळू लागले, आठ महिने 'फंगल' म्हणून औषधं झाली आणि शेवटी त्वचेचा तुकडा तपासल्यावर सेबेशियस अ‍ॅडिनायटिस निघाला. तिचे मालक खर्च मागतायत. सासरे (सूनबाई त्यांना मामा म्हणतात) म्हणतात, "त्यांनी नीट सांभाळली नाही. कुणाकडे काही बोलू नका. दिवाळीत सई माजावर आली की तिला सर्जाच लावू आणि शेवटचं एक वेत घेऊ." दोन पिल्लांचा अ‍ॅडव्हान्सही आलाय. नवऱ्याने मधला मार्ग काढलाय : सई नको, जाईला सर्जा लावू. जाई म्हणजे सईचीच दुसऱ्या नरापासूनची मुलगी. बाई विचारतात, "मी पिल्लांना खोबरेल चोळत होते, भात घालत होते, त्याने तर हे झालं नसेल? आणि घरच्यांविरुद्ध बोलायचं की गप्प बसायचं?" (कुत्र्यांची नावं बदलली आहेत.)

ताई,

आधी खोबरेलाचं. तुमच्या तेलाने हे झालेलं नाही, भातानेही नाही. चिक्कोडीच्या घराने सांभाळण्यात हयगय केली म्हणूनही नाही. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा त्वचेतल्या तेलग्रंथींवर उलटते आणि त्या एकेक करून नष्ट होतात. ग्रंथी गेली की केसाच्या मुळाशी कोंड्याची चिकट नळी तयार होते, केस कोरडे पडून झुबक्याने निघतात. अकितात हे बहुधा तरुण वयात, वर्षा-दीड वर्षापासून चार-पाच वर्षांपर्यंत दिसायला लागतं. तोवर पिल्लू विकून खूप दिवस झालेले असतात. म्हणून पैदास करणाऱ्याला वाटतं की दोष नव्या घराचा आणि नव्या घराला वाटतं की आपल्याला फसवलं. दोघांनाही तसं वाटणं मी समजू शकते, पण कारण दोन्हीकडे नाही.

आठ महिने 'फंगल' म्हणून गेले, यातही कुणा एकाला दोष देता येणार नाही. खानापुरात जून ते सप्टेंबर अंगावरचं काही वाळत नाही, अशा हवेत दाट केसांच्या कुत्र्याला बुरशी होतेच. पण औषधाने महिन्याभरात फरक पडला नाही तर पुढची पायरी घ्यायला हवी. आधी त्वचा खरवडून खरजेचे किडे बघायचे, बुरशीचं कल्चर, थायरॉईडसाठी टी-फोर आणि टीएसएच, गोचीडतापाची तपासणी, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर बायोप्सी, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासणं. जे वाचक अकिता पाळतात त्यांनी दर रविवारी फणी फिरवताना तीन जागा बघाव्यात : दोन कानांच्या मधला कपाळाचा भाग, मानेपासून कमरेपर्यंतची पाठीची रेघ आणि शेपूट. उपटलेल्या केसाच्या बुडाला चंदेरी खपली चिकटलेली असेल, अंगाला कुबट वास येत असेल, आतली लव जाऊन वरचेच राठ केस उरले असतील, तर थांबू नका. सुरुवातीला खाज नसते आणि त्यामुळेच दुर्लक्ष होतं. काही अकितांना यासोबत ताप येतो, वजनही उतरतं.

आता मामांच्या म्हणण्याकडे येते. सईने इतकी सर्टिफिकेटं मिळवली, सर्जा जिंकतोय, मग रक्तात खोट कशी असेल, असं त्यांचं म्हणणं तुमच्या पत्रातून दिसतं. त्यात एक गृहीत आहे, ते नीट तपासू. रिंगमधला जज एका कुत्र्याला दोन-तीन मिनिटं देतो. त्यात तो डोकं, कान, दात, पाठ, चाल, केसांचा पोत आणि त्या घडीचा स्वभाव बघतो. ते त्याचं काम आणि तो ते चांगलं करतो. पण त्वचेखालच्या ग्रंथी, डोळ्याचा मागचा पडदा, खुब्याचा सांधा आणि सुप्त जनुक (आई आणि बाप दोघांकडूनही आलं तरच आजार करणारं) त्याला दिसत नाहीत. सई सुंदर आहे हे खरं आणि तिच्यात हा आजार असू शकतो हेही खरं. दोन्ही एकाच कुत्रीत नांदतात.

अकितातला हा आजार सुप्त जनुकाने येत असावा असा कल घराण्यांच्या अभ्यासातून दिसतो. नेमकं जनुक हाती लागलेलं नाही, म्हणून रक्त किंवा लाळ देऊन करता येईल अशी चाचणी नाही. सुप्त धरून हिशेब केला तर तो असा पडतो. एक पिल्लू आजारी निघालं याचा अर्थ आई आणि बाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण ते जनुक पुढे देणारे. सर्जा आजारी दिसत नाही, तेव्हा तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. सई वाहक आहेच. या दोघांची जोड लावली तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता सहात एक. ऐकायला कमी वाटतं. पण सात पिल्लांच्या वेतात निदान एक तरी आजारी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५८ टक्के येते. जाईचं गणित थोडं बरं आहे. तिचा बाप स्वच्छ धरला तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक पिल्लाला धोका बारात एक. पण 'स्वच्छ धरला तर' या शब्दांना कसलाच आधार नाही, त्याच्या बहिणभावंडांचं पुढे काय झालं हे तुमच्या वहीत नाही.

घरातलीच जोड लावून ठेवण पक्की होते हे मामा म्हणतात, ते चूक नाही. सर्जाच्या डोक्याची ठेवण, कानांचा कल, शेपटीचा पीळ यांचा पक्केपणा अशाच निवडीतून येतो. अडचण एवढीच की ज्या वाटेने ठेवण पक्की होते त्याच वाटेने आजारही पक्का होतो. आई आणि मुलगा यांच्या पिल्लांत निकटप्रजननाचा गुणांक (एकाच पूर्वजाकडून आलेलं तेच जनुक दोन्हीकडून मिळण्याची शक्यता) २५ टक्के येतो, सावत्र बहीण-भावांत १२.५ टक्के, आणि हे फक्त आताच्या पिढीमुळे. मागच्या पिढ्यांचं त्यात वेगळं जमा होतं. अकितांच्या बाबतीत ते मागचं खातं आधीच जड आहे. जपानच्या ओडाते भागातला हा कुत्रा १९३१ साली तिथे नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर झाला, पण दुसऱ्या महायुद्धात लोकांनी कातड्यासाठी कुत्रे मारले, खायला दाणा नव्हता, आणि युद्ध संपलं तेव्हा थोडेच अकिता उरले होते. आजचे जपानी आणि अमेरिकन दोन्ही त्या मूठभरांपासून वाढले. त्यात भारतात येऊन पैदाशीला लागलेले आणखी कमी. पाच पिढ्यांची वंशावळ नावांनी वेगवेगळी दिसली तरी आत तेच रक्त फिरत असतं. नवं रक्त हवं म्हणून जपानी अकिता आणायचा विचार कुणी सुचवेल. एफसीआय (श्वानसंघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) दोघांनीही या दोन वेगळ्या जाती मानल्या आहेत, तेव्हा अशा जोडीची पिल्लं कुठल्याच जातीत नोंदवता येणार नाहीत.

तुम्ही विचारता, गप्प बसायचं की घरच्यांविरुद्ध जायचं. यात एक गोष्ट मला खटकली. तुम्ही फक्त दोनच दारं मोजली आहेत. सगळं बंद करायचं किंवा सगळं तसंच चालू ठेवायचं. माझ्या मते तुमच्यासमोर चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

सईचं. तिची पैदास इथे थांबावी. याबाबत मला दुसरं मत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत कुत्रीला अठरा महिन्यांच्या आत लावायची नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, असं आहे. त्या मोजमापात सई बसते, पण कायद्याने चालतं एवढ्यावर हा निर्णय घेता येत नाही. तिच्या वयाला दुसरी भीती प्रत्येक माजानंतर वाढत जाते, ती म्हणजे गर्भाशयात पू होणं. माज संपल्यावर साधारण तीन ते आठ आठवड्यांत कुत्री जास्त पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, मागून घाण येऊ लागली किंवा काहीच न येता पोट फुगलं, तर त्याच दिवशी दवाखाना. म्हणून माज उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी, गर्भाशय शांत असताना, तिची नसबंदी करून घ्या.

त्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना दोन गोष्टी आठवणीने सांगा, कारण अकिता रोजच्या बघण्यातली जात नाही. पहिली, अकितांच्या तांबड्या पेशी मुळातच लहान असतात, त्यामुळे रिपोर्टवर लोह कमी असल्यासारखा आकडा दिसतो. दुसरी, बऱ्याच अकितांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम खूप असतं. रक्त काढून तासन्‌तास तसंच ठेवलं, म्हणजे खानापुरातून बेळगावच्या लॅबला दुपारच्या गाडीने पाठवलं, तर ते पोटॅशियम पेशीतून बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट बघून वाटतं की हृदय बंद पडायच्या बेतात आहे. रक्त काढल्यावर सीरम लगेच वेगळं करा किंवा कुत्रीलाच लॅबजवळच्या दवाखान्यात घेऊन जा. अशा पेशींना कांदा-लसणाचा त्रासही इतर कुत्र्यांपेक्षा जास्त होतो. रविवारचा तांबडा रस्सा उरला म्हणून भातावर ओतायचा नाही. कांदा गाळून बाजूला काढला तरी त्याचा अर्क रश्शात उतरलेला असतोच.

सर्जाचं. त्याला रिंगमध्ये नेणं आणि जोडीला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी आहे तोवर त्याला खुशाल शोला न्या. पैदाशीचा विचार मात्र तो पाच वर्षांचा होईपर्यंत बाजूला ठेवावा असं मी म्हणेन. मधल्या काळात त्याच्या त्वचेची बायोप्सी करून घ्या, कारण बाहेरून काही दिसत नसताना ग्रंथींचा दाह आत सुरू झालेला कधीकधी त्यात सापडतो. तंत्र नीट सांगा : सहा मिलिमीटरच्या पंचने पाठ-मानेवरून तीन-चार तुकडे, जागा बधिर करून. केस हलक्या हाताने कातरायचे, पण त्वचा साबणाने वा स्पिरिटने घासायची नाही, वरचा थरच तपासायचा असतो. दहा टक्के फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं, बाटलीवर जागेचं नाव. आणि हा नमुना माणसांच्या लॅबला देऊ नका. शिरवळच्या किंवा बेंगळुरूच्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी विभागाकडे विचारून पाठवा. रिपोर्ट चांगला आला तर ती आजची खात्री, कायमची नव्हे. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा करायची. सोबत दोन वर्षांनंतरचा खुब्यांचा एक्स-रे, वर्षाला एकदा डोळ्यांची तपासणी आणि थायरॉईड.

पाच वर्षांनंतरही तो ठणठणीत असला तर? इथे जाणकारांतही दोन मतं आहेत. काही म्हणतात, वाहक असण्याची शक्यता असलेला प्रत्येक कुत्रा बाद करा. भारतातली अकितांची संख्या बघता तसं केलं तर उरलेल्यांत आणखी जवळची नाती लागतील आणि दुसरा एखादा आजार वर येईल. माझं मत असं की चार-पाच पिढ्यांत सईशी नातं नसलेल्या, स्वतः आणि बहिणभावंडं पाच वर्षांपर्यंत निरोगी राहिलेल्या कुत्रीसाठी, समोरच्या मालकाला सगळं सांगून, एकदा विचार करता येईल. जाईला नाही. सईला तर नाहीच.

तिसरा प्रश्न चिक्कोडीचा, आणि मामांना खरं दुखतंय ते इथे. खर्च मागतात म्हणजे चोर ठरवतात असं त्यांना वाटलं असेल. त्यांच्याकडून एक रिपोर्टची प्रत मागा आणि भेटायला जा. कुत्री परत मागू नका, तीन वर्षं ती त्या घराची झालीय. पैशांचं माझं मत असं आहे : पिल्लाच्या किमतीतला मोठा भाग परत द्यावा किंवा बायोप्सी आणि पहिल्या सहा महिन्यांच्या औषधांचा निम्मा खर्च उचलावा, जे त्या घराला जास्त सोयीचं असेल ते. आणि त्याहून उपयोगाचं म्हणजे तुमचे हात. अशा कुत्रीची निगा कशी राखायची हे बहुतेक घरांना माहीत नसतं.

ती निगा अशी. आठवड्यातून एकदा, ऊन तापायच्या आत सकाळी, बेबी ऑइल आणि कोमट पाणी समप्रमाणात ढवळून (३४-३५ किलोच्या कुत्रीला साधारण पाव लिटर तेल) केस फाकून त्वचेपर्यंत चोळायचं. दोन तास तसंच ठेवायचं. चाटू नये म्हणून जुना सुती सदरा घाला आणि पंख्याखाली सावलीत बसवा, तेल लागलेली कुत्री उन्हात पटकन तापते. मग सॅलिसिलिक आम्ल आणि गंधक असलेल्या शाम्पूने दोन-तीनदा धुवायचं, प्रत्येक वेळी दहा मिनिटं फेस राहू द्यायचा. खपल्या नखाने ओढून काढायच्या नाहीत, त्याखाली जंतुसंसर्ग होतो. मधल्या दिवसांत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारलं तर त्वचा मऊ राहते. कोंडा आटोक्यात आला की तेल महिन्याला एकदा. यासोबत डॉक्टर सायक्लोस्पोरिन देऊ शकतात, सुरुवातीला किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज, म्हणजे तिला १७५ मिलिग्रॅमच्या आसपास, उपाशीपोटी. पहिले काही दिवस उलटी होते. कॅप्सूल फ्रीजरमध्ये गोठवून दिली तर बहुतेकांना सोसते. फरक दिसायला दोन ते चार महिने लागतात आणि औषध महाग आहे, हे आधीच सांगून टाका म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कुणी निराश होऊन सोडणार नाही. हा आजार जिवावरचा नाही. केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही, पण कुत्री सुखाने जगते.

इथे एक वेगळी खूण, सगळ्याच अकितावाल्यांसाठी. डोळे लाल, पाणी गळतंय, उजेडात मिटतायत आणि नाकाचा किंवा ओठांचा काळा रंग फिका पडतोय, तर तो त्वचेचा साधा आजार समजू नका. अकितांत शरीर स्वतःच्याच रंगद्रव्यावर उलटण्याचा आणखी एक आजार दिसतो, त्यात काही दिवसांत दृष्टी जाते. तिथे तेल-शाम्पूत वेळ घालवायचा नाही, त्याच दिवशी डोळे दाखवायचे.

चौथा प्रश्न बाकीच्या पिल्लांचा. सर्जा आणि चिक्कोडीची सोडून पाच घरं उरतात. आणि सहावा फोन, जो बहुतेक जण टाळतात, तो त्या बाहेरच्या नराच्या मालकाला. सुप्त जनुकाचा हिशेब खरा असेल तर त्यांचा नरही वाहक आहे आणि या घडीला तो दुसऱ्या कुठल्या कुत्रीला लागत असेल. तुम्ही न सांगितल्याने त्यांना कळायला आणखी तीन वर्षं लागतील. निरोप लांबलचक नको. असं काहीतरी पुरे :

"तुमच्याकडच्या पिल्लाच्या एका सख्ख्या बहिणीला त्वचेतल्या तेलग्रंथींचा आजार निघालाय, बायोप्सीने पक्कं झालंय. तुमच्याकडच्याला तो असेलच असं नाही. पण पाठीवर, कानांच्या मधे, शेपटीवर केसांच्या बुडाशी चंदेरी खपली दिसली तर आम्हाला आणि डॉक्टरांना लगेच सांगा. तो पाच वर्षांचा होईपर्यंत जोड लावू नका अशी विनंती. रिपोर्ट हवा असेल तर पाठवतो."

दोन अ‍ॅडव्हान्स परत करा, कारण सांगून. कोल्हापूर-पुण्याकडचे गिऱ्हाईक आजकाल 'अकितावर बंदी आहे ना?' असंही विचारतात. त्यांना उत्तर देता यावं म्हणून सांगते : मार्च २०२४ च्या केंद्राच्या परिपत्रकातल्या जातींच्या यादीत अकिता होता, आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याची सूचना होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द ठरवलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. रीतसर प्रक्रिया करून सरकार पुन्हा नियम आणू शकतं. म्हणून पुढे कधी पिल्लं झालीच तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आणि मायक्रोचिप यात कसूर नको. करारनामा घेणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत हवा. गोकाक-अथणीच्या घराला मराठीत आणि कोल्हापूरच्या घराला कानडीत लिहून दिला तर सही होते, पण 'आजार लपवायचा नाही, सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत आणायचा' ही कलमं कुणाला कळत नाहीत.

आता मामा. तुम्ही त्यांच्याविषयी चिडून लिहिलं नाही, हे मला फार आवडलं. चौदा वर्षांपूर्वी तालुक्यात अकिता हा शब्द कुणाला माहीत नसताना ज्यांनी पिल्लू आणलं, पहाटे उठून त्याला चालवलं, त्या माणसाला 'तुमचं चुकलं' हे वाक्य ऐकवायची गरजच नाही, कारण तेव्हा जोड लावताना हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. आता कळलंय, एवढाच फरक. जेवताना किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नका. वही आणि रिपोर्ट घेऊन बसा, सहात एक आणि ५८ टक्क्यांचा हिशेब कागदावर मांडा. यजमानांना आधी विश्वासात घ्या, जाईचा पर्याय त्यांनी भांडण टळावं म्हणून सुचवलाय, आकडे बघितल्यावर तो ते सोडतील असं मला वाटतं. घरच्या डॉक्टरांनाही बोलवा, मामा त्यांचं ऐकत असतील तर. आणि त्या सहा घरांना फोन मामांनीच करावा असं सुचवा. त्यांच्या शब्दावर लोकांनी पिल्लं नेली होती. हेच त्यांच्या तोंडून आलं तर घराचं नाव जात नाही. उलट पुढच्या वेळी कुठल्या घरी काही झालं तर लोक आधी त्यांनाच विचारतील. ते नाहीच म्हणाले तर मात्र त्या पाच घरांना आणि नराच्या मालकाला तुम्ही सांगा. ही वही तुम्ही ठेवता, त्या पिल्लांना तुम्ही दूध पाजलंय, तेव्हा हा अधिकार तुमचाही आहे. घरात काही दिवस अबोला राहील. तो सोसण्यासारखा आहे.

रिंग सोडायची नसेल तर मामांसाठी एक गोष्ट सुचवते. आपल्या शेजारीच मुधोळ आहे, घोरपड्यांच्या संस्थानाने वाढवलेला मुधोळ हाउंड तिथला. तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र त्यावर काम करतं. अंगावर आतली दाट लव नसलेला, या उन्हाला सरावलेला कुत्रा. अकितावर जीव असलेल्या माणसाला तो लगेच रुचेल असं नाही, पण एकदा तिकडे जाऊन यायला काय हरकत आहे.

आणि तातडीचं. सईचा मागचा माज एप्रिलअखेरीस होता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पुढचा दिवाळीच्या आगेमागे. सर्जा आणि ती एकाच आवारात आहेत. माजाचे पहिले थेंब दिसल्यापासून पूर्ण चार आठवडे दोघांमध्ये भिंत हवी, जाळी नव्हे. जाळीतूनही जोड लागते. रक्त फिकं झालं की लोक निर्धास्त होतात आणि नेमके तेच दिवस, साधारण नवव्यापासून पंधराव्यापर्यंत, सर्वांत धोक्याचे. तिला फिरवायला नेऊन परत आणताना मागचं दार कोण लावणार हे घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. चुकून जोड लागलीच तर गर्भ पाडायचं हार्मोनचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून देऊ नका, गर्भाशयात पू होण्याची भीती त्याने वाढते. डॉक्टरांना सांगून लवकर नसबंदी करता येते. सगळ्यांत सोपं म्हणजे सर्जाला त्या महिन्यापुरतं दुसऱ्या गावी ठेवणं. माज आठ-दहा दिवस अलीकडेही येऊ शकतो, तेव्हा त्याला भावकीत कुणाच्या गोठ्यात ठेवायचं, तिथे दुसरा नर कुत्रा तर नाही ना, आणि त्याला खायला कोण घालणार, हे या आठवड्यातच ठरवून टाका.